पहाटेचे पैलवान, दुपारचे कर्मचारी : निरोगी रक्तातील जनुक-अभिव्यक्तीच्या चढउतारांचा प्रकरण अभ्यास

कोल्हापुरातील एका संशोधक विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी निवडलेला प्रश्न वरवर पाहता सरळ होता. तालमीत वर्षानुवर्षे मेहनत करणाऱ्या पैलवानांच्या पांढऱ्या रक्तपेशींमधील जनुक-अभिव्यक्ती ही त्यांच्याच वयाच्या, बैठे काम करणाऱ्या निरोगी पुरुषांपेक्षा वेगळी असते का, हे त्याला पाहायचे होते. दोन्ही गट निरोगी, दोन्ही गटांचा आहार साधारण याच मातीतला, हवामान एकच, त्यामुळे जो फरक दिसेल तो मेहनतीचा असणार, असे गृहीतक त्यामागे होते. पहिले निकाल हाती आल्यावर तो ते घेऊन माझ्याकडे आला आणि तिथून हे प्रकरण सुरू झाले. संशोधनपद्धती शिकवताना चर्चेसाठी मी ते मांडत आलो आहे. त्यातील तालीम, कचेरी आणि सहभागी प्रातिनिधिक आहेत, तर संशोधनाचे म्हणून दिलेले आकडे प्रकाशित कामांतले आहेत.

ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. शरीरातील बहुतेक सर्व पेशींमध्ये डीएनए तोच असतो आणि त्यात प्रथिने घडवणारी सुमारे २०,००० जनुके असतात. पण कोणत्या पेशीत, कोणत्या क्षणी, कोणत्या जनुकाची आरएनए-प्रत किती प्रमाणात काढली जाते, हे सतत बदलत असते. या प्रती काढण्याच्या प्रमाणाला आपण अभिव्यक्ती म्हणतो. डीएनएची तपासणी जन्मभरात एकदा केली तरी पुरते, मात्र अभिव्यक्तीची तपासणी ही त्या दिवसाची, त्या तासाची नोंद असते. रक्त सहज मिळते म्हणून अभिव्यक्तीच्या अभ्यासात ते सर्वाधिक वापरले जाते. पण तेच रक्त दिवसभर संपूर्ण शरीरात फिरून प्रत्येक घडामोडीला प्रतिसाद देत असते, हे त्याच्या सोयीपुढे विसरले जाते.

पहिले निकाल आणि दोन रजिस्टरे

विद्यार्थ्याची पद्धत नेहमीची होती. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत (रक्त गोठू न देणारे रसायन असलेल्या) रक्त घ्यायचे, प्रयोगशाळेत पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, त्यातून आरएनए काढायचा, त्याचा सीडीएनए, म्हणजे आरएनएवरून तयार केलेली डीएनए-प्रत, करायचा आणि निवडक जनुकांचे प्रमाण क्यूपीसीआर यंत्रावर, म्हणजे प्रतींचे प्रमाण मोजणाऱ्या यंत्रावर, मोजायचे. या यंत्रावर मिळणारे सीटी मूल्य एकाने कमी आले तर त्या जनुकाच्या प्रती साधारण दुप्पट आहेत, असा त्याचा अर्थ होतो. नीती समितीची मान्यता होती, मराठीतील संमतिपत्रे होती, सहभागींना ताप, जखम किंवा चालू औषधोपचार नसल्याची खातरजमा केलेली होती. या बाबतीत बोट ठेवायला जागा नव्हती.

निकालांत पैलवानांच्या बाजूने जनुकांचे तीन समूह वर दिसत होते. पहिल्या समूहात परफोरिन आणि ग्रॅन्झाइम-बी ही विषाणूबाधित पेशी मारण्याच्या कामातली जनुके होती. दुसऱ्यात पीईआर-१ व पीईआर-३ ही शरीरघड्याळाची जनुके आणि कॉर्टिसॉल या संप्रेरकाला प्रतिसाद देणारे एफकेबीपी-५ होते. तिसऱ्यात फॉस आणि सीएक्ससीएल-८ होते, जी पेशीवर ताण आला की झपाट्याने वाढतात. विद्यार्थ्याने यातून एक सुसंगत अर्थ लावला होता : मेहनतीने प्रतिकारशक्ती सज्ज राहते, शरीरघड्याळ बळकट होते आणि पेशी ताणाला तत्पर होतात. अर्थ इतका जुळून आलेला होता की त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटावा, आणि माझ्या मते अशा वेळीच मूळ नोंदी उघडून बसणे अत्यावश्यक असते.

नोंदी दोन ठिकाणी होत्या. नमुने गोळा करतानाच्या रजिस्टरमध्ये सहभागीचा संकेतांक, वय, वजन आणि ‘सकाळ’ किंवा ‘दुपार’ एवढेच लिहिलेले होते. प्रयोगशाळेच्या आवक रजिस्टरमध्ये नळी केव्हा पोहोचली व सेंट्रिफ्यूज (नळ्या वेगाने फिरवून पेशी वेगळ्या करणारे यंत्र) केव्हा लावले, याची घड्याळी वेळ होती. नळ्यांवरची ‘पै-४’, ‘क-९’ अशी बॉलपेनने लिहिलेली अक्षरे बर्फाच्या पाण्याने फिसकटली होती, पण वाचता येत होती. दोन्ही रजिस्टरे शेजारी ठेवून ओळीने लावल्यावर चित्र स्पष्ट झाले. पैलवानांचे रक्त पहाटेची मेहनत आटोपल्यावर साडेसहा-सातच्या सुमारास घेतले गेले होते, कारण एरवी ते एका जागी सापडत नाहीत. प्रयोगशाळा उघडेपर्यंत त्या नळ्या बर्फाच्या डब्यात राहिल्या आणि त्यांच्यावर अकराच्या पुढे प्रक्रिया झाली. कचेरीतील कर्मचाऱ्यांना सकाळी सवड नव्हती, म्हणून त्यांचे रक्त दुपारी साडेतीन-चारला घेतले गेले आणि अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूजपर्यंत पोहोचले.

म्हणजे दोन गटांमध्ये मेहनतीखेरीज आणखी तीन फरक होते : दिवसाची वेळ, नुकताच झालेला व्यायाम आणि नळीतला मुक्काम. वर दिसणारे तीन जनुकसमूह या तीन फरकांवर जवळजवळ जसेच्या तसे बसत होते.

नळीत जे घडते

शिरेतून बाहेर आलेले रक्त म्हणजे निर्जीव द्रव नव्हे. नळीतल्या पेशी जिवंत असतात, त्यांना तापमानातील बदल आणि परका पृष्ठभाग जाणवतो व त्यानुसार त्या आपली अभिव्यक्ती बदलतात. फॉससारखे जनुक काही मिनिटांत उसळते. काही तास थांबलेल्या नळीत फॉस आणि सीएक्ससीएल-८ वाढलेले सापडणे हा अनेकांनी नोंदवलेला अनुभव आहे. त्यामुळे तिसऱ्या समूहाबद्दल फार चर्चा करण्याची गरज पडली नाही. ती वाढ डब्यात ताटकळलेल्या पेशींची होती आणि तिच्यावरून त्या पैलवानांच्या शरीराबद्दल काही सांगता येत नव्हते.

यावर उपाय म्हणजे रक्त घेताक्षणी पेशी फोडून आरएनए स्थिर करणारी पॅक्सजीन नळी. तिच्यात २.५ मिलिलिटर रक्त जाते, घेतल्यावर ती ८ ते १० वेळा हळुवार उलटीसुलटी करावी लागते, पेशी पूर्ण फुटण्यासाठी किमान २ तास तशीच ठेवावी लागते आणि मग सामान्य तापमानालाही ३ दिवसांपर्यंत तिच्यातील आरएनए टिकतो. तालमीपासून प्रयोगशाळेपर्यंतच्या प्रवासाची चिंता तिने मिटते. पण तिच्यामुळे दोन नव्या गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे पेशी फुटल्यामुळे त्याच नळीतून त्यांची मोजणी करता येत नाही, त्यासाठी ईडीटीएची वेगळी छोटी नळी घ्यावीच लागते. दुसरे असे की संपूर्ण रक्ताचा आरएनए काढला की त्यात लाल पेशींच्या वंशातून आलेल्या ग्लोबिनच्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधील प्रथिनाच्या, प्रतींचे प्रमाण प्रचंड असते. एकूण संदेशवाहक आरएनएपैकी ७० टक्क्यांपर्यंतचा वाटा ग्लोबिनचा असू शकतो, आणि मग कमी प्रमाणात असलेली जनुके मोजणे अवघड जाते. पुढे कधी संपूर्ण अनुक्रमण, म्हणजे निवडक जनुकांऐवजी सर्व आरएनएचे वाचन, करायचे ठरले तर ग्लोबिन वगळण्याची पायरी घालावी लागेल, हे आम्ही तेव्हाच लिहून ठेवले. ईडीटीएतील जुने आणि पॅक्सजीनमधील नवे निकाल एका तक्त्यात मिसळायचे नाहीत, असेही ठरले. खर्च वाढल्याने विद्यार्थ्याला जनुकांची यादी आखडती घ्यावी लागली.

पेशींचे मिश्रण

पहिला समूह, म्हणजे परफोरिन आणि ग्रॅन्झाइम-बी, मला या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रक्त हे अनेक प्रकारच्या पेशींचे मिश्रण आहे आणि प्रत्येक प्रकाराची अभिव्यक्ती वेगळी असते. दूध संस्थेत एकाच कॅनमध्ये म्हशीचे आणि गाईचे दूध ओतले जात असेल, तर कॅनची फॅट उतरली म्हणून म्हशीच्या दुधाचा कस कमी झाला असे कोणी म्हणत नाही. आधी गाईचे दूध किती आले ते पाहिले जाते. रक्तातही एखाद्या जनुकाचे मोजमाप दुप्पट झाले, तर पेशी तेच जनुक अधिक जोमाने वापरत आहेत, की ते जनुक मुळातच वापरणाऱ्या पेशींची संख्या वाढली आहे, हे आधी ठरवावे लागते.

जोरदार व्यायामानंतर लगेच रक्तातील लिम्फोसाइट हा पांढऱ्या पेशींचा प्रकार वाढतो आणि त्यांत बाधित पेशी मारणाऱ्या नॅचरल किलर पेशींची वाढ सर्वांत ठळक असते. व्यायाम थांबल्यावर तासा-दोन तासांत त्या उतरतात आणि कित्येकदा मूळ पातळीच्याही खाली जातात, तर न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी त्यानंतर काही तास वाढत राहतात. परफोरिन आणि ग्रॅन्झाइम-बी ही या किलर पेशींची ठेवणीतली शस्त्रे आहेत. जोर-बैठका आणि लढती आटोपून घाम पुसत बसलेल्या पैलवानाच्या दंडातून त्या क्षणी रक्त घेतले, तर ही जनुके वर दिसणारच. मोजमापात काही चूक नसली तरी त्यात ‘वर्षानुवर्षांच्या मेहनतीचा’ भाग किती आणि ‘आजच्या पहाटेचा’ भाग किती, हे सांगण्याची त्या नमुन्यात सोयच नव्हती.

तालमीच्या वस्तादांना ही अडचण समजावून सांगितली, तेव्हा त्यांनी दिलेले उत्तर विद्यार्थ्याने आपल्या वहीत जसेच्या तसे उतरवून घेतले आहे : “सर, पोरांचं रक्त काढायचं तर मेहनतीआधी काढा, न्हाईतर सुट्टीदिवशी या. मेहनत झाल्यावर पोरगं वेगळंच असतंय.” पुढच्या टप्प्याची आखणी बऱ्याच अंशी या सूचनेवर उभी राहिली, कारण सुट्टीच्या दिवशी त्याच माणसाचे, त्याच घड्याळी वेळेला, पण मेहनतीविना घेतलेले रक्त हा तुलनेसाठी अतिशय चोख आधार होता.

निरोगी लोकांमधील फरकांचा मोठा वाटा पेशींच्या प्रमाणातून येतो, हे फार पूर्वी दिसून आले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ७५ निरोगी स्वयंसेवकांच्या रक्ताचा मायक्रोॲरेवर (हजारो जनुकांची अभिव्यक्ती एकदम मोजणाऱ्या पट्टीवर) केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पेशीप्रकारांचे प्रमाण, लिंग, वय आणि रक्त घेतल्याची वेळ या चार गोष्टींशी अभिव्यक्तीतील फरक जोडलेले आढळले. रक्त घेतल्याची वेळ लिंग आणि वयाच्या पंगतीला बसते, ही गोष्ट तेव्हापासून सर्वांसमोर आहे. तरीही नमुन्याच्या नोंदीत वय आणि लिंग न चुकता असते आणि वेळ मात्र ‘सकाळ’ या एका शब्दात उरकली जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते. वेळ लिहायला एक पैसाही खर्च येत नाही.

उठण्याची वेळ आणि घड्याळाची वेळ

शरीरघड्याळाच्या रेणवीय यंत्रणेच्या शोधासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे काम फळमाशीवर होते. त्यातील मध्यवर्ती ‘पीरियड’ जनुकाची मानवी भावंडे म्हणजे पीईआर-१, पीईआर-२ आणि पीईआर-३, आणि त्यांची दैनंदिन लय पांढऱ्या पेशींमध्ये मोजता येते. या लयीवर कॉर्टिसॉलचाही प्रभाव असतो. जाग आल्यानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासात कॉर्टिसॉल शिखरावर पोहोचते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला असते. एफकेबीपी-५ आणि पीईआर-१ ही दोन्ही जनुके कॉर्टिसॉलने चेतवली जातात. शिवाय कॉर्टिसॉल वाढले की लिम्फोसाइट रक्तातून ऊतींकडे वळतात, म्हणजे पेशींचे मिश्रणही वेळेनुसार बदलते. पहाटेचे रक्त आणि दुपारी चारचे रक्त यांत दुसऱ्या समूहाची जनुके वेगळी दिसण्यासाठी मध्ये पैलवान असण्याची गरज नाही. एकाच कारकुनाचे रक्त दोन्ही वेळी घेतले असते, तरी हा फरक बऱ्याच प्रमाणात दिसला असता.

मग सर्वांचे रक्त सकाळी सातलाच घ्यावे, हा उपाय सहज सुचतो. पण तोही पुरेसा नाही. तालमीतली मुले पहाटे चारला उठतात आणि रात्री लवकर झोपतात. कचेरीतला तरुण अकराला झोपून सातला उठतो. सकाळी सातला पहिल्याच्या शरीराचा दिवस तीन तास पुढे गेलेला असतो आणि दुसऱ्याचा नुकताच सुरू झालेला असतो. म्हणून घड्याळी वेळेसोबत उठण्याची वेळ, आदल्या रात्री झोपण्याची वेळ आणि शेवटच्या खाण्याची वेळ असे तीन रकाने रजिस्टरमध्ये वाढवले. झोपेचा रकाना नावापुरता नव्हता. इंग्लंडमधील सरे विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये २६ जणांवर केलेल्या प्रयोगात, एक आठवडा रोज सहा तासांपेक्षा कमी झोप मिळाल्यावर रक्तातील ७११ जनुकांची अभिव्यक्ती बदललेली आढळली. हे सर्व लोक निरोगी होते आणि प्रयोगानंतरही निरोगीच राहिले. गणेशोत्सवात रात्री जागवणाऱ्या सहभागींचे त्या आठवड्यातले रक्त वेगळे आले, तर त्याचे कारण शोधायला या रकान्याखेरीज दुसरी जागा नसते.

त्याच माणसांचे रक्त पुन्हा पुन्हा

दुसऱ्या टप्प्यात सहभागींची संख्या कमी केली आणि प्रत्येकाचे नमुने वाढवले. प्रत्येक पैलवानाचे मेहनतीआधी, मेहनतीनंतर लगेच, त्याच दिवशी दुपारी आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे असे नमुने घ्यायचे. कचेरीतल्या सहभागींचे उठल्यापासून तेवढ्याच तासांनी आणि दुपारी घ्यायचे. आणि ही मालिका काही महिन्यांच्या अंतराने पुन्हा करायची, असा आराखडा होता. खुराक आणि थंडाई रक्त दिल्यानंतर, हे वस्तादांनी स्वतः पाळून घेतले. या वेळी काही महिला पैलवानही सहभागी झाल्या.

महिलांच्या सहभागामुळे एक अनपेक्षित सोय झाली. एक्सिस्ट हे जनुक स्त्रियांच्या पेशींत ठळकपणे व्यक्त होते आणि वाय गुणसूत्रावरील आरपीएस४वाय१ फक्त पुरुषांत. ही दोन जनुके प्रत्येक नमुन्यात मोजली की नळ्यांची अदलाबदल उघड होते, आणि एका फेरीत ‘पुरुष’ म्हणून नोंदलेल्या नळीत एक्सिस्ट दिसले तेव्हा ती नळी व तिच्या जोडीची नळी दोन्ही बाजूला काढता आल्या. पुन्हा पुन्हा नमुने घेण्याच्या अभ्यासात ही तपासणी मी अनिवार्य मानतो, कारण एका अदलाबदलीने ‘काळानुसार प्रचंड बदललेला’ माणूस तयार होतो.

मालिका लावून पाहिल्यावर जनुकांचे स्वभाव वेगवेगळे दिसू लागले. जीएसटीएम-१ हे जनुक अनेक लोकांच्या डीएनएतच नसते. ज्याच्याकडे ते नव्हते, त्याच्या एकाही नमुन्यात ते दिसले नाही, मग तो नमुना पहाटेचा असो, मेहनतीनंतरचा असो की पावसाळ्यातला. ईआरएपी-२ आणि प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए समूहातील काही जनुकांचेही असेच आहे. त्यांची पातळी माणसामाणसांत खूप वेगळी, पण एका माणसात जवळजवळ स्थिर असते, कारण ती त्याच्या डीएनएतील रूपावर ठरते. याच्या उलट टोकाला पीईआर-१, एफकेबीपी-५, परफोरिन. यांच्या बाबतीत एकाच माणसाचे दोन नमुने दोन वेगळ्या माणसांच्या नमुन्यांपेक्षा अधिक दूर असू शकतात. दोन्ही टोकांची जनुके एकाच सांख्यिकी कसोटीतून सरसकट नेणे हे पहिल्या टप्प्यातील आखणीचे खरे वैगुण्य होते.

सांख्यिकीच्या भाषेत इथे दोन प्रकारचे विचरण, म्हणजे मूल्यांच्या विखुरलेपणाचे माप, आहे : माणसामाणसांतले आणि एकाच माणसातले, काळानुसारचे. गटाच्या सरासरीतील अनिश्चितता काढताना, काळानुसारच्या विचरणाला प्रत्येकाच्या नमुन्यांच्या संख्येने भागायचे, त्यात माणसामाणसांतले विचरण मिळवायचे आणि या बेरजेला माणसांच्या संख्येने भागायचे. यातून आखणीचा निर्णय थेट निघतो. पहिले विचरण मोठे असेल तर माणसे वाढवण्याशिवाय इलाज नाही. दुसरे मोठे असेल तर त्याच माणसांचे नमुने वाढवूनही बरेच साधते. आणि मेहनतीआधी-मेहनतीनंतर अशी त्याच माणसाची स्वतःशी तुलना केली, तर माणसामाणसांतला भाग वजाबाकीत निघूनच जातो. कोणत्या जनुकासाठी काय लागू पडते, हे आधी थोड्या लोकांचे वारंवार नमुने घेतल्याखेरीज कळत नाही. पीएच.डी.च्या आराखड्यात या प्राथमिक कामाला वेळ दिला जात नाही, आणि मार्गदर्शकांनी तो हक्काने मागितला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

एक सहभागी आणि श्रावणातला नमुना

कचेरीच्या गटातील एका सहभागीच्या श्रावणातल्या एका नमुन्यात आयएफआय-२७ आणि आयएफआय-४४-एल ही दोन जनुके त्याच्याच इतर सर्व नमुन्यांपेक्षा कितीतरी पट वर आली. बाकी यादी नेहमीसारखी होती, एक्सिस्टची तपासणी बरोबर होती, पेशींची मोजणी सर्वसाधारण होती. रक्त देताना त्याला काहीही होत नव्हते आणि प्रश्नावलीत त्याने तसे प्रामाणिकपणे लिहिलेही होते. विद्यार्थ्याने फोन केला तेव्हा कळले की घरातला लहान मुलगा त्या आठवड्यात सर्दी-तापाने आजारी होता आणि रक्त दिल्यानंतर दोन दिवसांनी यालाही घसा धरून सर्दी झाली होती.

ही दोन्ही जनुके इंटरफेरॉनने, म्हणजे विषाणूविरोधी इशारा देणाऱ्या प्रथिनांनी, चेतवली जातात आणि श्वसनमार्गाच्या विषाणूसंसर्गात लक्षणे दिसण्याआधीच त्यांची पातळी वर जाऊ शकते. अमेरिकेत मायकेल स्नायडर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच व्यक्तीच्या रक्ताचा १४ महिने पाठपुरावा केला होता आणि त्यात विषाणूसंसर्गांच्या काळातील बदल याच पद्धतीने, त्या व्यक्तीच्या स्वतःच्या निरोगी काळाशी ताडून वाचता आले होते. आमच्या सहभागीचे पुढच्या फेरीतले नमुने मूळ पातळीवर परतले होते.

आता या नमुन्याचे करायचे काय, यावर आमची बरीच चर्चा झाली. विद्यार्थ्याचा कल तो वगळण्याकडे होता, कारण तो ‘निरोगी’ नव्हता. माझे म्हणणे वेगळे होते. रक्त देताना तो अभ्यासाच्या व्याख्येप्रमाणे निरोगी होता. जर ही जनुके आमच्या यादीत नसती, तर हा नमुना कोणाच्या लक्षातही न येता सरासरीत गेला असता, जसे पहिल्या टप्प्यात असे नमुने गेले असतील. विचित्र दिसतो म्हणून नमुना काढून टाकण्याची मुभा घेतली, की उरलेला ‘निरोगी’ गट प्रत्यक्षातल्या निरोगी माणसांपेक्षा अधिक शांत दिसू लागतो. शेवटी असे ठरले की नमुना ठेवायचा, त्यावर खूण करायची, विश्लेषण त्याच्यासह आणि त्याच्याविना असे दोन्ही प्रकारे द्यायचे, आणि पुढच्या फेरीपासून रक्त दिल्यानंतर आठवड्याभराने प्रत्येकाला फोन करून घरातल्या आजारपणासह विचारपूस करायची. वगळण्याचा नियम करायचाच असेल तर तो निकाल पाहण्याआधी लिहून ठेवायचा.

पावसाळा

ऋतूंचा प्रश्न यात सर्वांत अवघड आहे. २०१५ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, तपासलेल्या जनुकांपैकी सुमारे २३ टक्के जनुकांची रक्तातील अभिव्यक्ती ऋतूनुसार बदलताना आढळली. युरोपीय सहभागींमध्ये हिवाळ्यात दाहाशी संबंधित जनुके वर होती, तर शरीरघड्याळाचे एआरएनटीएल हे जनुक उन्हाळ्यात. त्याच अभ्यासात पश्चिम आफ्रिकेतील गाम्बियाच्या सहभागींमध्ये जून ते ऑक्टोबरच्या पावसाळ्यात रक्तपेशींच्या प्रमाणात बदल दिसले. कोल्हापूरसाठी युरोपातला हिवाळा उचलून आणणे मला पटत नाही. आपल्याकडे थंडी सौम्य, दिवसाच्या लांबीतला फरक कमी, आणि संसर्गांचा जोर जून ते सप्टेंबरच्या पावसात. त्यामुळे ऋतूचा परिणाम दिसलाच तर तो पावसाळ्याभोवती दिसेल, असे मानून फेऱ्या उन्हाळ्यात, ऐन पावसात आणि थंडीत अशा आखल्या.

ऐन पावसाची फेरी इथे कागदावर सोपी आणि प्रत्यक्षात कठीण असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचा महापूर आला, तेव्हा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला होता. एरवीच्या वर्षीही बंधारे पाण्याखाली गेले की नदीपलीकडच्या गावांतले सहभागी शहरात येऊ शकत नाहीत. याने नुसती नमुन्यांची संख्या घटत नाही. जे येऊ शकत नाहीत ते पाण्याने वेढलेल्या, ओल धरलेल्या घरांतले, म्हणजेच ज्यांच्या रक्तावर पावसाळ्याचा परिणाम सर्वाधिक असण्याची शक्यता, तेच लोक असतात. अशी गळती यदृच्छ, म्हणजे निव्वळ योगायोगाची, मानून पुढे जाता येत नाही. त्यामुळे न आलेल्यांची कारणे गावनिहाय नोंदवली आणि पॅक्सजीन नळ्या देऊन गावातल्याच प्रशिक्षित परिचारिकेकडून रक्त घेण्याची व्यवस्था केली. नळीतला आरएनए ३ दिवस टिकत असल्याने हे शक्य झाले.

आणखी एक दक्षता प्रयोगशाळेत घ्यावी लागली. पावसाळ्यातले नमुने पावसाळ्यात आणि थंडीतले थंडीत असे लावले असते, तर रसायनांची तुकडी, यंत्राचे कॅलिब्रेशन आणि ऋतू हे तिन्ही एकमेकांत मिसळले असते आणि ते नंतर कोणत्याही गणिताने सोडवता आले नसते. म्हणून सर्व नमुने उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये साठवून, एका माणसाचे सर्व ऋतूंतील नमुने एकाच प्लेटवर, म्हणजे यंत्रात एका वेळी लागणाऱ्या तबकडीवर, येतील अशी मांडणी केली.

प्रबंधाचे पुढे काय झाले

मेहनतीआधीचे आणि सुट्टीच्या दिवसाचे नमुने कचेरीतल्या सहभागींच्या, उठण्याच्या वेळेशी जुळवलेल्या नमुन्यांशी ताडल्यावर परफोरिन आणि ग्रॅन्झाइम-बीचा फरक उरला नाही. पॅक्सजीन नळ्यांत फॉस आणि सीएक्ससीएल-८ दोन्ही गटांत सारखेच होते. शरीरघड्याळाच्या जनुकांतला फरक बराच आकसला आणि जो उरला तो झोपेच्या वेळांशी इतका बांधलेला होता की त्याला मेहनतीचे नाव देण्यास आम्ही दोघेही तयार नव्हतो. यादीतील बाकी जनुकांत लहानसे फरक आहेत, परंतु एवढ्या थोड्या माणसांवरून त्यांच्याबद्दल बोलणे घाईचे ठरेल.

मेहनतीआधी आणि मेहनतीनंतरच्या तुलनेतून मात्र भक्कम माहिती मिळाली, कारण तिथे प्रत्येक माणूस स्वतःचाच आधार होता. प्रबंधाचा प्रश्न त्यानुसार बदलला : पैलवान इतरांपेक्षा वेगळा आहे का, याऐवजी पैलवानाचे रक्त मेहनतीच्या दिवसात कसे आणि किती काळ बदलते, हा आता मुख्य विषय आहे. दुपारच्या नमुन्यांसोबत आता मेहनतीनंतर दोन तासांचा नमुनाही घेतला जातो, कारण किलर पेशींचा उतार त्याच अवधीत पडतो. ऋतूंबद्दल प्रबंधात काही निष्कर्ष काढायचा नाही असे ठरले आहे. एका वर्षाच्या नमुन्यांत पावसाळ्याचा परिणाम आणि त्या विशिष्ट वर्षीच्या साथींचा परिणाम वेगळे करता येत नाहीत, त्यासाठी त्याच सहभागींच्या आणखी किमान एका वर्षाच्या फेऱ्या लागतील, आणि त्यांच्याकडून तशी नवी संमती घेण्याचे काम सध्या चालू आहे.